कोनदार ठळक देवनागरी फॉन्ट: कोन ठरवण्यापासून मथळा लावण्यापर्यंत

कोनदार ठळक फॉन्ट करायला घेतलेल्या बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. सुरुवात 'अ'पासून होते, गोलाई दिसेल तिथे छाट दिली जाते आणि पहिली दहा-बारा अक्षरं दणदणीत दिसतात. मग 'इ', 'झ', 'ण', 'द्ध', 'ष्ट्र' समोर येतात. त्यांच्या पोटात जागाच उरलेली नसते. जाडी कमी करावी तर आधीची अक्षरं पुन्हा काढावी लागतात, नाही केली तर ही अक्षरं म्हणजे नुसते काळे ठोकळे.

याचं मूळ क्रमात आहे. ठळक फॉन्टमध्ये डोळा अक्षर ओळखतो ते आतल्या पांढऱ्या जागेवरून. काळं तर सगळीकडे सारखंच असतं. म्हणून आधी पांढरी जागा, मग जाडी, मग कोन आणि त्यानंतर अक्षरं, या क्रमाने जायचं. पुढची सगळी मापं १००० एककांच्या चौकटीत (फॉन्टच्या प्रोग्रॅममध्ये अक्षराच्या चौकटीचे जे बारीक भाग मोजतात ती एककं) आणि शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून तळरेषेपर्यंत ६०० एककं धरून दिली आहेत. तुमची चौकट वेगळी असेल तर त्याच प्रमाणात बदला. फॉन्ट करायच्या प्रोग्रॅमपैकी ग्लिफ्स, फॉन्टलॅब किंवा फुकट मिळणारं फॉन्टफोर्ज, कशातही हे काम होतं.

## १. अक्षरांआधी शब्द जमवा

फॉन्ट कुठे लागणार आहे हे एका ओळीत लिहून काढा: भित्तिपत्रकाचा मथळा, खेळाडूंच्या सदऱ्यावरचे आकडे, मुखपृष्ठ, व्हिडिओचं लघुचित्र. 'सगळीकडे चालेल' असं उत्तर येत असेल तर थांबा. कोनदार ठळक फॉन्ट सगळीकडे चालत नाही आणि चालावा म्हणून केलेली तडजोड त्याला धड मथळ्याचाही ठेवत नाही.

मग चाळीस-पन्नास शब्दांची यादी करा. सोपे शब्द नकोत, अडचणीचे हवेत: द्वंद्व, हृदय, कर्तृत्व, ऊर्ध्व, राष्ट्र, षट्कोन, दऱ्याखोऱ्या, झुंजार, ईर्षा, ढोलकी, धडाडी, ब्रह्मांड, ज्ञानेश्वरी, लष्कर, शृंगार, ऑलिंपिक, ॲटलस. ही यादी शेवटपर्यंत बदलायची नाही. प्रत्येक टप्प्यावर हेच शब्द लावून बघायचे, म्हणजे आपण पुढे चाललो आहोत की नुसते फिरतो आहोत ते कळतं.

## २. जाडी सर्वांत दाट अक्षरावरून काढा

जाडी 'किती ठळक दिसतंय' यावरून ठरवू नका. दाट अक्षरात किती मावते त्यावरून ठरवा.

उभ्या दिशेने सर्वांत अडचणीचं अक्षर 'इ'. शिरोरेषा धरून त्यात साधारण चार आडव्या पट्ट्या एकाखाली एक येतात आणि त्यांच्यामध्ये तीन पांढऱ्या फटी. आडवी जाडी १२० घेतली तर चार पट्ट्यांना ४८० गेले, उरले १२०, म्हणजे फटीला जेमतेम ४०. मथळा थोडा लहान झाला की ती फट मिटते. आडवी जाडी १०५ केली तर ४२० गेले, १८० उरले, फटीला ६० मिळाले. पंधरा एककांच्या फरकाने फट दीडपट झाली.

आडव्या दिशेने असंच 'ण' तपासा: तीन उभे दांडे, दोन फटी. दांडा १४० आणि फट ८० धरली तर रुंदी ५८०. ती फार वाटत असेल तर दांडा बारीक करा, फट नको.

उभा दांडा १४० आणि आडवी पट्टी १०५ हा फरक काहींना खटकतो. पण समान मापाची आडवी पट्टी डोळ्याला उभीपेक्षा जाड दिसते. शिवाय देवनागरीत शिरोरेषा अख्ख्या शब्दावरून जाते. ती दांड्याइतकी जाड ठेवली की मथळा वरून दाबल्यासारखा दिसतो. शिरोरेषा आडव्या पट्टीइतकी किंवा किंचित जास्त, एवढंच पुरे.

तपासणी: 'इ', 'ण', 'झ', 'ह' ही चारच अक्षरं कच्ची काढा. मथळ्याच्या सर्वांत लहान मापात छापून हातभर अंतरावरून बघा. सगळ्या फटी दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ३. कोनांचे नियम कागदावर लिहा

इथे लोक सर्वांत जास्त घाई करतात, म्हणून इथे जरा जास्त थांबू.

पहिला नियम कोनांच्या संख्येचा. आडवं, उभं आणि ४५ अंश, एवढ्यावर बहुतेक फॉन्ट उभा राहतो. आणखी एक तिरपा उतार लागलाच तर दोनास एक प्रमाणाचा घ्या: दोन एककं आडवं, एक एकक वर, म्हणजे सुमारे २६.६ अंश. ३० अंश कागदावर छान वाटतात, पण पडद्यावरच्या चौकोनी ठिपक्यांत ४५ अंशांच्या आणि दोनास एकच्या रेषेच्या पायऱ्या सारख्या पडतात. ३० अंशांची रेषा मात्र वेड्यावाकड्या पायऱ्यांची होते. एलईडी फलकासाठी काम असेल तर हा फरक लगेच डोळ्यात भरतो.

दुसरा नियम छाटीचा. गोलाईच्या जागी कोपरा छाटायचा, पण बाहेरचा कोपरा आणि आतला कोपरा सारख्याच मापाने छाटला की कोपऱ्यात काळा गोळा तयार होतो. हिशोब सोपा आहे. १४० जाडीच्या दोन पट्ट्या काटकोनात मिळतात तिथे कर्णावरची जाडी १९८ भरते. आतून-बाहेरून छाट सारखीच दिली तर ती १९८च राहते. कोपऱ्यातही १४० हवी असेल तर बाहेरच्या छाटीची बाजू आतल्या छाटीपेक्षा जाडीच्या ०.५८६ पट, म्हणजे ८२ एककांनी मोठी हवी. आतला कोपरा काटकोनीच ठेवला तर बाहेरची छाट ८२. आत ४० छाटलं तर बाहेर १२२. एक पट्टी १४० आणि दुसरी १०५ असेल तेव्हा आकडा थोडा खाली येतो, तो डोळ्याने जुळवा.

माझं मत विचाराल तर आतले कोपरे काटकोनी आणि बाहेरचे छाटलेले, ही जोडी देवनागरीला सर्वांत मानवते. पोटातली पांढरी जागा मोठी राहते आणि बाहेरचा कोनदारपणा कुठे जात नाही.

तिसरा नियम तिरप्या पट्ट्यांचा. उभा दांडा नुसता ओढून ४५ अंशांत तिरका केला तर त्याची आडवी रुंदी १४०च राहते, पण खरी जाडी, म्हणजे रेषेला काटकोनात मोजलेली, ९९ होते. 'ष'च्या पोटातली तिरपी किंवा 'र'चा पाय म्हणूनच अचानक अशक्त दिसतो. तिरपी पट्टी नेहमी काटकोनात मोजा आणि उभ्या दांड्यापेक्षा किंचित कमी, १३०च्या आसपास ठेवा.

चौथा नियम टोकांचा. तळरेषेवर अणकुचीदार टोक टेकवलं तर ते आखूड भासतं; दहा ते वीस एककं खाली उतरवा. सपाट छाटलेल्या तळाला याची गरज नाही.

> सावधान: छाटीची दोनच मापं ठेवा, मोठी आणि लहान. प्रत्येक अक्षरात 'इथे थोडी जास्त बरी दिसते' असं करत गेलात तर पन्नासाव्या अक्षरापर्यंत फॉन्टचा चेहराच उरत नाही.

## ४. किल्लीची अक्षरं, वर्णमालेच्या क्रमाने नव्हे

क्रम असा: प, व, क, न, द, ह, ठ, इ. 'प' उघडी पांढरी जागा आणि काना ठरवतो. 'व' बंद पोट ठरवतो. 'क' दांड्याच्या दोन्ही बाजूंना वजन कसं वाटायचं ते सांगतो. 'न' गाठीचा प्रश्न समोर आणतो. 'द', 'ह', 'ठ' या काना नसलेल्या अक्षरांना शिरोरेषेपासून लोंबतं ठेवायची मान लागते. तिची लांबी इथे एकदाच ठरते. या आठांतून बाकीची बरीच अक्षरं निघतात: 'प'वरून ष आणि फ, 'व'वरून ब, 'ठ'वरून ट आणि ढ.

गाठीचा निर्णय लगेच घ्या. न, ग, म, भ यांच्या गाठी पोकळ ठेवायच्या की भरीव? एवढ्या जाडीत पोकळ गाठीचं भोक टाचणीच्या टोकाएवढं उरतं आणि छपाईत भरून जातं. भरीव पाचर किंवा छाटलेला चौकोन घ्या आणि तोच सगळीकडे वापरा. अर्ध्या अक्षरांत पोकळ आणि अर्ध्यांत भरीव, ही चूक नवख्यांच्या फॉन्टमध्ये हटकून सापडते.

## ५. गोंधळाच्या जोड्या

गोलाई गेली की अक्षरांची ओळख देणारे बारीक फरकही जातात. म्हणून पुढच्या जोड्या शेजारी शेजारी ठेवूनच काढा.

घ आणि ध, म आणि भ, य आणि थ: या तिन्ही जोड्यांत फरक वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. एकात शिरोरेषा अखंड, दुसऱ्यात ती तुटलेली आणि तिथे वळलेलं टोक. ठळक फॉन्टमध्ये ही तुटलेली जागा निदान ६० एककं रुंद हवी, नाहीतर 'धन' आणि 'घन' एकच दिसतील. गरज पडली तर ध, भ, थ थोडे रुंद करा. रुंदी सारखी ठेवायचा हट्ट इथे महागात पडतो.

ट, ठ, ढ, द: 'ठ'चा अष्टकोन पूर्ण बंद, 'ट'चा उजवा-वरचा भाग स्पष्ट उघडा, 'ढ'च्या आतलं टोक भिंतीला न चिकटणारं. 'ठ' आणि शून्य यांतला फरक नुसत्या शिरोरेषेवर सोडू नका. शून्य अरुंद आणि उंच करा.

ख आणि रव: 'ख'चे दोन भाग तळाशी जोडलेलेच ठेवा. ड, ङ, इ, ह या चौघांची मान आणि शेपूट एकाच साच्यातून काढायचा मोह होतो. साचा एक असू द्या, पण 'ह'ची शेपूट वेगळ्या दिशेला वळवा. आकड्यांत १ आणि ९, ५ आणि ४ बघा.

तपासणी: प्रत्येक जोडीतलं एकेक अक्षर एकेकटं छापा आणि फॉन्ट न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या. शब्दात तो संदर्भाने ओळखेल, म्हणून शब्द देऊ नका.

## ६. वेलांट्या, मात्रा, उकार

शिरोरेषेच्या वर २५० ते ३०० एककं मोकळी धरा. मात्रांची जाडी दांड्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. पूर्ण जाडीची मात्रा अक्षरापेक्षा जड वाटते आणि दोन मात्रांमधली फट मिटवते.

पहिल्या वेलांटीचं छप्पर अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचलं पाहिजे. 'रि' आणि 'क्षि' यांना एकच वेलांटी लावून चालत नाही. अरुंद, मध्यम, रुंद अशी निदान तीन रूपं काढा, जोडाक्षरं भरपूर असतील तर पाच. कोनदार फॉन्टमध्ये हे छप्पर उतरतं होतं. त्याचा सर्वांत उंच बिंदू सगळ्या रूपांत एकाच उंचीवर ठेवा आणि रुंदी वाढेल तशी सपाट कड लांबवा, उतार बदलू नका.

अनुस्वार चौकोनी की तिरका चौकोन? तिरका शोभतो, पण टोकापासून टोकापर्यंत तेवढ्याच रुंदीचा तिरका चौकोन क्षेत्रफळाने सरळ चौकोनाच्या निम्मा भरतो आणि केविलवाणा दिसतो. तो मोठा करा, मग 'र्थीं'सारख्या जागी रफार, वेलांटी आणि अनुस्वार तिघे मावतात का ते बघा. मावत नसतील तर त्या तिघांचं एकत्र रूप वेगळं काढा. चंद्राचा तळ टोकदार न करता सपाट ठेवा. टोकदार चंद्र लांबून बाणासारखा दिसतो आणि 'ऑ'मधला 'ऑ'पणा जातो.

उकारांत 'रु' आणि 'रू' वेगळेच काढावे लागतात, तसेच 'हृ' आणि 'दृ'. ट-ठ-ड-ढ खाली उतरलेले असतात, म्हणून त्यांच्याखालचा उकार आणखी खाली न ढकलता चपटा करा.

## ७. जोडाक्षरं: मराठीला काय लागतं

कान्याची अक्षरं अर्धी करताना नुसता काना पुसू नका. उघडी पडलेली कड नियमातल्या छाटीने संपवा, नाहीतर तुकडा मोडल्यासारखा दिसतो.

पूर्ण वेगळी काढायची: क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्य, द्ध, द्व, द्म, ह्म, ह्य, ह्न, ह्व, क्त, त्त, ष्ट, ष्ठ, स्त्र, ष्ट्र. 'द्ध' आणि 'द्व' यांत खालचं अक्षर अर्ध्या जागेत बसवायचं असतं. तिथे जाडी ११० पर्यंत उतरवली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, फट बुजली तर लगेच येते. 'ट्ट', 'ठ्ठ', 'ड्ड' एकाखाली एक रचायच्या भानगडीत मी तरी ठळक फॉन्टमध्ये पडणार नाही. पाय मोडून शेजारी ठेवलेले दोन 'ट' मथळ्यात जास्त स्वच्छ वाचले जातात.

मराठीसाठी तीन गोष्टी हव्यातच. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा र. युनिकोडमध्ये तो ०९३१ क्रमांकाच्या 'ऱ'ला पाय मोडून येतो, शिवाय साध्या 'र'ला पाय मोडून पुढे शून्य रुंदीचं जोडचिन्ह लावूनही टाइप होतो. दोन्ही वाटांनी तेच रूप आलं पाहिजे. दुसरं, ॲ (०९७२), ऑ आणि ळ. तिसरं, पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, म्हणजे हिंदी वळणाच्या ल-शऐवजी मराठीत रूढ असलेली रूपं. फॉन्ट फक्त मराठीसाठी असेल तर हीच मूळ रूपं ठेवा. हिंदीलाही चालवायचा असेल तर भाषेनुसार रूप बदलणारा नियम घाला.

## ८. अंतर आणि शिरोरेषेचा सांधा

प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याच्या रुंदीबाहेर दोन्हीकडे दहा-पंधरा एककं घुसवा. बरोबर कडेला संपवली तर पडद्यावर सांध्यांत केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसतात.

अंतराची सुरुवात 'पप', 'वव', 'पव'पासून करा. दोन कान्यांमधली पांढरी जागा अक्षराच्या पोटातल्या जागेपेक्षा थोडीच जास्त असू द्या. मग 'रव', 'टर', 'दक' बघा. इथे खालची जागा आपोआप मोकळी पडते आणि ती भरायला लोक अक्षरं जवळ ओढतात. फार ओढलं की 'रव'चा 'ख' होतो.

## ९. नियम, उंची, फाइल

कोणत्या अक्षरांच्या जागी कोणतं रूप दाखवायचं हे फॉन्टमधले ओपनटाइप नियम सांगतात. त्यांचा क्रम चुकला की सुंदर काढलेली जोडाक्षरं दिसतच नाहीत. क्रम असा: भाषेनुसार बदल, नुक्ता, अखंड जोडाक्षरं (क्ष, ज्ञ), रफार, रकार, अर्धी अक्षरं, उरलेली जोडाक्षरं, मग वेलांट्यांची आणि उकारांची रूपं, शेवटी मात्रा नेमक्या जागी बसवणारे अँकर.

फाइल काढण्याआधी सर्वांत उंच ('र्कीं') आणि सर्वांत खोल ('ट्रू') रूप मोजा आणि विंडोजसाठीची वरची-खालची मर्यादा त्याबाहेर ठेवा. ती कमी पडली तर काही प्रोग्रॅममध्ये वेलांटीचा माथा कापला जातो आणि दोष फॉन्टच्या आकारात शोधण्यात वेळ जातो.

एकावर एक बसलेले बिंदू, उलट्या दिशेचे आकार, चुकून राहिलेला एखादा वक्र हे सगळं साफ करा. कोनदार फॉन्टमध्ये वक्र राहिलाच तर तो डाग दिसतो.

## १०. ज्यावर लागणार त्यावर तपासा

काळ्यावर पांढरं लावून बघा: पांढरी अक्षरं मोठी भासतात आणि फटी आणखी अरुंद वाटतात. छपाईत शाई पसरते, आतले कोपरे भरतात. स्क्रीन छपाईचं काम असेल तर आतल्या कोपऱ्यांत बारीक खाच द्या. व्हिनाइल कापणारं यंत्र सरळ रेषांवर खूश असतं, पण पोटातले सुटे तुकडे उचलायला त्रास होतो. फिरत्या पात्याने लाकूड किंवा ॲक्रिलिक कोरायचं असेल तर आतला कोपरा पात्याच्या त्रिज्येएवढा गोल होणारच. ते मान्य नसेल तर लेझर वापरा.

## ११. फॉन्ट वापरताना

इथल्या चुका फॉन्ट करणाऱ्याच्या नसतात, पण बदनाम फॉन्ट होतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन मथळ्यात ते चालतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. शब्द लांबवायचाच असेल तर माप वाढवा. बोल्डचं बटण दाबू नका. आधीच ठळक फॉन्टवर प्रोग्रॅम वरून जाडी चढवतो आणि दुसऱ्या टप्प्यात कमावलेल्या साठ एककांच्या फटी बुजवतो. नकली तिरपा तर त्याहून वाईट, कारण तुमचे ४५ अंश कुठेच ४५ राहत नाहीत.

दोन ओळींचा मथळा असेल तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या समोरासमोर येतात का ते बघा. ओळींमधलं अंतर वाढवण्याआधी ओळ दुसऱ्या शब्दावर तोडून पाहा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. एका मथळ्यात पाच-सहा शब्दांपुढे जाऊ नका. उपमथळ्याला आणि मजकुराला साधा, मोकळ्या पोटाचा फॉन्ट घ्या. दुसराही कोनदार घेतला तर दोघांचे कोन आपसात भांडतात.

अक्षरांना बाह्यरेषा द्यायची असेल तर आधी मथळ्याचे आकारांत रूपांतर करा आणि सगळे आकार एकसंध जोडा. नाहीतर शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यात आठव्या टप्प्यातल्या त्या दहा-पंधरा एककांच्या उभ्या रेघा उमटतील. जोडल्यावर बाह्यरेषा बाहेरच्या बाजूनेच द्या. मधोमध दिली तर तिची अर्धी जाडी आतल्या फटी खाते. आणि मूळ टाइप केलेला मथळा वेगळ्या स्तरावर लपवून ठेवा, कारण शुद्धलेखनाची दुरुस्ती हटकून छपाईच्या आदल्या संध्याकाळी येते.